निकाल सांगायला कुणी आलं नाही

विभागाचा इतिहास लिहून द्या, दोन पानं पुरेत, असा विभागप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं. त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढते. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघणार होती, आणि जुन्या लोकांपैकी धड चालणारी, धड बोलणारी आणि हाकेच्या अंतरावर राहणारी मी एकटीच उरले होते. छान आठवणी लिहा मॅडम, वाचणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे, असं त्यांनी वर सांगितलं. हा माणूस विद्यार्थी होता तेव्हा मला ताई म्हणायचा आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाटूनपुसून संपवायचा. खुर्ची मिळाली आणि मी मॅडम झाले.

दोन पानं मी लिहून दिली. ती छापली नाहीत. हे त्याहून बरंच लांब आहे आणि प्रसन्न तर मुळीच नाही. विद्यापीठाचं नाव लिहू नकोस असं माझ्या वकील भाच्याने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. माणसांचीही नावं गाळते आहे. मला त्यांची अब्रू काढायची नाही, फक्त झालं ते सांगायचं आहे.

आमचा सार्वजनिक आरोग्य संशोधन विभाग नगरजवळ भिंगारमध्ये एका भाड्याच्या बंगल्यात सुरू झाला. दिवाणखान्यात टेबलं, माजघरात वजनकाटे आणि न्हाणीघरात रक्ताच्या नळ्या ठेवायचा फ्रीज. शेजारी लष्कराचं मैदान होतं, त्यामुळे आमच्या बैठका कवायतीच्या हुकमांच्या तालावर चालायच्या. ज्या प्राध्यापक बाईंनी हा विभाग उभा केला त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, आणि उंचीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या. विद्यापीठाला हा विभाग कधीच नको होता. डॉक्टर लोकांना वाटे की हे समाजशास्त्र आहे, समाजशास्त्राच्या लोकांना वाटे की ही डॉक्टरकी आहे. काहीही मागायला गेलं की दोघंही एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवायचे. सावत्र मुलासारखा तो विभाग वाढला, आणि आता मात्र त्याच्या वाढदिवसाला मंडपात सगळे काका-मामा हजर.

काम असं होतं. बेलापूरच्या अलीकडची काही गावं धरायची. तिथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं वजन करायचं आणि मग त्या मुलाला सोडायचंच नाही. ते शाळेत जाईल, लग्न करेल, त्याला पोरं होतील, केस पिकतील, तरी आपण ठरावीक काळाने जाऊन त्याचं वजन, उंची, रक्त घेत राहायचं. लहानपणी जे पोट अर्धं राहिलं ते मोठेपणी काय दाखवतं, हे बघायचं. मी समाजसेविका म्हणून लागले. पद भारदस्त, काम दारोदार हिंडायचं. सकाळी जीप भिंगारहून निघायची, नागापूरला एमआयडीसीच्या पाळी सुटलेल्या सायकलींत अडकायची, आणि ऊन चढेपर्यंत आम्ही गावात.

मोठ्या बाईंचा एक नियम होता. ज्या घरातून आपण काही घेतलं, त्या घराला आधी सांगायचं. वजन असो, रक्त असो, थुंकी असो. पेपर नंतर, परिषद नंतर, विद्यापीठाचा अहवाल सगळ्यात शेवटी. एकदा बाहेरून आलेल्या एका विद्वानाने हरकत घेतली. लोकांना सांगितलं की लोक औषधपाणी करतात, सुधारतात, आणि मग आपला अभ्यास बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. बाई चष्मा पुसत होत्या. "बिघडू दे," त्या म्हणाल्या, आणि चष्मा घालून पुढच्या विषयाकडे वळल्या.

सांगायची रीतही आम्हाला ठेचा खाऊन सापडली. सुरुवातीला ज्यांचं सगळं ठीक असेल त्यांना मारुतीच्या पारावर एकत्र सांगायचो, आणि ज्यांच्या रक्तात काही निघालं असेल त्यांच्या घरी मी जायचे. पण जीप ज्या दारात थांबली त्या घराकडे अख्खा गाव बघायचा. एका मुलीची ठरलेली सोयरीक तेवढ्यावरून मोडली. तिला नुसता पंडुरोग होता, रक्त कमी, बाकी काही नाही. पण कोण ऐकतंय. मग बाईंनी नवी रीत घालून दिली. जीप वेशीबाहेर थांबेल. ताई चालत जाईल. ज्या आळीत एखाद्याचं काही निघालं असेल त्या आळीतल्या प्रत्येक घरात ती बसेल, चहा घेईल, आणि त्यातल्या एकाच घरात हळूच सांगेल.

म्हणजे एका माणसाच्या साखरेपायी मी आळीभर चहा पीत हिंडायचे. मशिदीमागच्या गल्लीत तर चहाबरोबर खारीही खावी लागायची, नाही म्हणायची सोय नव्हती. विद्यापीठाने मला निवृत्तीवेळी शाल आणि श्रीफळ दिलं, पण आयुष्याची कमाई म्हणाल तर ते चहाचं पित्त. आळीत शिरले की बायका हातातलं काम ठेवून विचारायच्या, "कुनाचं निघालं, ताई?" माझं उत्तर ठरलेलं. "साखर कमी टाक." मग त्या हसायच्या, आधण ठेवायच्या आणि पुढे विचारायच्या नाहीत. गावाने या रीतीचा आपला अर्थ लावून ठेवला होता. ताई आळीत आल्या म्हणजे कुणाचं तरी काही निघालं. ताई आल्या नाहीत म्हणजे आळी धड. पुढे पारावरची सभासुद्धा बंद पडली, कारण तिची गरजच उरली नव्हती. मी न जाणं हाच निकाल होता.

मोठ्या बाई गेल्या. त्यांच्यानंतर आलेल्या दोघांनी रीत निदान मोडली नाही. मग मी निवृत्त झाले आणि चटणीवाले खुर्चीत बसले. बंगला सुटला, काचेच्या दाराची इमारत आली. गावाला गाव म्हणणं बंद झालं, त्याला फील्ड म्हणू लागले. माझी जागा कुणी भरलीच नाही. रक्त न्यायला पांढरी गाडी वेळेवर जात होती, तिच्यातली मुलं नम्र होती, हातमोजे घालत होती, सुई हलक्या हाताने टोचत होती. परत मात्र कुणी येत नव्हतं. हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजून होते की माझ्यानंतर कुणी तरी चहा पीत असेल.

स्मरणिकेच्या फोननंतर चार दिवसांनी दुसरा फोन आला. समारंभाला गावातले काही लोक आणा, पुढच्या रांगेत बसवू. आणि मग हसून, नऊवारीतल्या बायका असल्या तर फोटो चांगले येतात. मी फोन ठेवला आणि एकटीच स्वयंपाकघरात त्यांना काय वाटेल ते बोलले. पण गेले. गावात जायला मला निमित्त हवंच होतं.

पहिली गेले ती गिरणीवालीकडे. मी नोकरीला लागले त्या वर्षी जी बाळं काट्यावर ठेवली त्यातलं हे एक. तिच्या आईने करदोटा काढू दिला नव्हता, म्हणून तसाच दुसरा करदोटा आणून तो वेगळा तोलला आणि तेवढं वजन वजा केलं होतं. आता तिची स्वतःची पिठाची गिरणी आहे, नवरा शुगर फॅक्टरीत हंगामी, पोरगी नगरला शिकते. मला बघून तिने पट्टा थांबवला आणि लंगडत पुढे आली. डाव्या पायाला फडकं बांधलं होतं, हळदीने पिवळं झालेलं. तब्येत उतरलेली. बोलता बोलता तिने दोन तांबे पाणी प्यायलं.

मी विचारलं, पायाला काय झालं. डबा पडला म्हणाली, दसऱ्याच्या आधी. संक्रांत तोंडावर आली होती. फडकं सोडायला लावलं. अंगठ्याची कड काळी पडली होती. मी तिला विचारलं, साखर तपासलीस का? ती हसली, जसं काही मी तिला तिचं नाव विचारलं.

"तुमच्याच लोकांनी गेल्या साली दोनदा रक्त न्हेलं की. कोन आलं न्हाई सांगाया. म्हंजी धडच हाय ना मी?"

मी तिथल्याच बाजरीच्या पोत्यावर बसले. गिरणी बंद असूनही माझ्या कानात ती चालू होती. हिने रक्त दिलं होतं, ते तपासलं गेलं होतं, आणि आळीत कुणी आलं नाही एवढ्यावरून ही बाई पायाला हळद लावत निश्चिंत बसली होती. दुसरीकडे कुठे तपासायची तिला गरजच वाटली नव्हती. मी म्हणाले, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. ती म्हणाली, संक्रांतीचं दळण पडलंय, आणि गावातला डॉक्टर काय विभागापेक्षा शहाणा आहे का. विभागाने सांगितलं असतं तर ती त्याच पावली गेली असती. विभागाने सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्या डोळ्यांवरही तिचा विश्वास नव्हता. एवढा विश्वास बसवायला आम्हाला एक पिढी लागली होती, आणि आता तोच तिचा पाय खात होता.

दुसऱ्या दिवशी मी काचेचं दार ढकलून आत गेले. चटणीवाल्या सरांनी मला बसवलं, बिस्किटं मागवली. मी म्हणाले, बिस्किटं राहू द्या, गिरणीवालीच्या रक्ताचा निकाल द्या, मी जाऊन सांगते. त्यांनी शांतपणे समजावलं. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. आकड्यावरून नाव शोधायची जी वाट असते ती काम संपल्यावर कायमची पुसून टाकतात. वैयक्तिक निकाल मिळणार नाही असं संमतीपत्रात स्पष्ट आहे, आणि खाली त्या गिरणीवाल्या बाईंची सही आहे.

सही असणारच. गाडी आमची आहे म्हटल्यावर तिने घराचं खरेदीखत पुढे ठेवलं असतं तरी सही केली असती.

मग त्यांनी ती मोडलेली सोयरीक काढली. ही गोष्ट मीच त्यांना कधी काळी डबा खाताना सांगितली होती. "तुमची जीप दारात थांबली की गावभर कळायचं, मॅडम. आता कुणाचं काय आहे ते कुणालाच कळत नाही. आम्हालासुद्धा नाही."

हे ते अभिमानाने म्हणाले. त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता आणि तो माझ्या हाताजवळ होता, यापुढचं लिहीत नाही. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. आम्हीही नाव झाकलंच होतं. पण आम्ही ते चहाखाली झाकलं, आणि ज्याचं त्याला सांगून झाकलं. मी म्हणाले, मग निदान गावात जाऊन एवढं तरी सांगा, की आता कुणी येणार नाही, कुणी आलं नाही म्हणजे तुम्ही धड आहात असं समजू नका. ते म्हणाले, ते पत्रात लिहिलंच आहे. त्या बाईंना सिव्हिलला पाठवा. मी म्हणाले, मी पाठवते आहे, ती तुमची वाट बघते आहे. त्यांनी खांदे उडवले. लोकांच्या समजुतींना संशोधक कसा जबाबदार, असं काहीसं म्हणाले आणि समारंभाच्या निमंत्रणपत्रिका माझ्या हातात दिल्या.

मी गिरणीवालीला समारंभाला आणलं ते एवढ्याचसाठी. माझं ऐकत नाहीस, तर त्यांच्या तोंडून ऐक. सभागृह नगरला. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, रिक्षावाला मात्र नगरच म्हणाला. ती ठेवणीतली नऊवारी नेसून आली होती, पायात नवऱ्याची मोठी चप्पल, कारण तिची स्वतःची आत जात नव्हती. पुढच्या रांगेत बसवलं. फोटो काढले. दीपप्रज्वलन झालं, मोठ्या बाईंच्या तसबिरीला हार घातला, आणि मग सर पडद्यासमोर उभे राहिले.

ते बोलायला चांगलेच. पडद्यावर निळे ठिपके विखुरले होते आणि वरच्या कोपऱ्यात लाल ठिपक्यांची गर्दी. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस, ते म्हणाले. लाल म्हणजे ज्यांची साखर फार वर गेली आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही. हे वाक्य त्यांनी सावकाश म्हटलं, म्हणजे पाहुण्यांना लागेल. लागलं. टाळ्या पडल्या. गिरणीवालीने माझ्याकडे वाकून विचारलं, हे आमचं रक्त आहे का? मी हो म्हणाले.

ती उभी राहिली. खुर्चीची पाठ धरून, डावा पाय जरा उचललेला.

"सायेब, त्यात माझा ठिपका कंचा?"

सरांनी हात जोडून हसून सांगितलं की मावशी, ते सांगता येत नाही, ते कुणालाच माहीत नाही. तिच्याहून ते वयाने मोठे आहेत, पण मावशी म्हणाले. सभागृहात थोडं हसू फुटलं, प्रेमळ, सुटल्यासारखं. ती मात्र बसली नाही.

"तुमाला म्हाईत न्हाई, तर मंग आमी घरी बसून कसं समजावं, की धड हाये?"

सूत्रसंचालक मुलीने माईक घेऊन वेळेची आठवण करून दिली. मी गिरणीवालीचा हात धरून तिला बाहेर आणलं. मागे पुन्हा टाळ्या चालू झाल्या होत्या. त्या कशासाठी होत्या ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. दारातल्या रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, चला दवाखान्यात.

साखर इतकी निघाली की तपासणाऱ्या मुलीने दुसऱ्या बोटातून पुन्हा रक्त घेतलं. ठेवून घेतलं तिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं, पाय राहिला. डॉक्टर तरुण होता, फार बोलणारा नव्हता. गेल्या वर्षी कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असं त्याने तोंड दुसरीकडे करून सांगितलं. गेल्या वर्षी विभागाला कळलं होतं. त्यांच्या यंत्राने ते ओळखलं होतं, लाल करून ठेवलं होतं, आणि मग ती कोण आहे हे विसरून जायची त्यांनी नीट तजवीज केली होती. याला ते सचोटी म्हणतात. मी याला दुसरा शब्द वापरते, पण तो इथे लिहिला तर भाचा चिडेल.

स्मरणिका पोस्टाने आली. गुळगुळीत कागद, विभागप्रमुखांचं मनोगत, विभागाचा इतिहास दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला. त्यात चहा कुठेच नाही. मधल्या पानावर गिरणीवालीचा मोठा फोटो आहे, नऊवारी, कपाळभर कुंकू, खाली लिहिलंय, विभागाच्या समाधानी लाभार्थी. फोटो गुडघ्यापर्यंतच घेतला आहे.

मी ती रद्दीत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. मला कुणी पाठवलं नव्हतं. वेशीजवळ उतरले, जिथे जीप थांबायची तिथेच. गिरणीवाली स्टुलावर बसून दळत होती. कुठे चाललात म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं, आणि तिने पट्टा बंद केला, काठी घेतली आणि माझ्याबरोबर निघाली. तू बस, मी म्हणाले. तिने ऐकलं नाही.

पहिल्या आळीच्या तोंडाशीच एक म्हातारी सुपात बाजरी पाखडत बसली होती. मी आत वळताना तिने मला बघितलं. इतक्या वर्षांनी ताई आळीत शिरली होती. सूप तिने खाली ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला. पलीकडच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या.

"कुनाचं निघालं, ताई?" म्हातारीने विचारलं.

साखर कमी टाक, हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले. मी ते गिळले.

"मला माहीत नाही, आजी. रक्त नेलं त्यांनाही माहीत नाही. सगळ्यांनी तपासून घ्या."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग गिरणीवालीच्या पायाकडे, जिथे चप्पल पुढून रिकामी होती.

"म्हंजी येवढे दिस कोनी आलं न्हाई, ते..."

"कुणी आलं नाही, एवढंच," मी म्हणाले. आणि पुढच्या दाराकडे वळले.